वस्तुमान कॅन्सल होत नाही!

आधी एक कोडं घालतो.

दोन गाड्या आहेत. पहिली चार दारांची सेडान. मागे ऐसपैस सीट, त्यामागे डिकी. ताकद १५४८ पीएस, म्हणजे दीड हजार घोड्यांची अख्खी फौज! शून्यावरून १०० किमीचा वेग गाठायला जेमतेम दोन सेकंद. दुसरी दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिची ताकद ५१० पीएस, म्हणजे पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. शंभरचा वेग गाठायला ३.४ सेकंद. आता या दोघींना जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या २०.८ किमी लांबीच्या ट्रॅकवर सोडा. सत्तरच्या वर वळणं, जंगलातून जाणारे चढ-उतार. एक फेरी कमी वेळात कोण पूर्ण करेल?

हॉस्टेलमध्ये ज्याला ज्याला विचारलं त्याने डोळे झाकून पहिलीचं नाव घेतलं. तिप्पट ताकद म्हटल्यावर विषयच संपला ना! पण रेकॉर्ड काय सांगतं बघा. पहिली गाडी म्हणजे शाओमी एसयू७ अल्ट्रा (हो, मोबाईल बनवणारी तीच शाओमी!). २०२५ साली जाहीर झालेली तिची वेळ आहे ७ मिनिटं ४.९६ सेकंद. दुसरी पोर्शे ९११ जीटी३. २०२१ सालची तिची वेळ ६ मिनिटं ५९.९३ सेकंद. एक तृतीयांश ताकदीची गाडी पाच सेकंदांनी पुढे! दिवस वेगळा, हवा वेगळी, ड्रायव्हर वेगळे, त्यामुळे पाच सेकंदांचा हिशोब अगदी तंतोतंत धरू नका. पण एवढी मोठी फौज गेली कुठे, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर मी मुद्दाम न सांगितलेल्या तिसऱ्या आकड्यात आहे. शाओमीचं वजन सुमारे २३६० किलो. पोर्शेचं सुमारे १४३५ किलो.

सेडान भारी की स्पोर्ट्स कार भारी, हा वाद आपल्या कट्ट्यावर रोज रात्री रंगतो. एक पार्टी बीएचपीचे आकडे फेकते, दुसरी टॉप स्पीडचे. वजनाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. या लेखात तोच विषय घेतोय, कारण दोन्ही गाड्यांमधला खरा फरक तिथूनच सुरू होतो. आणि पुढे बघाल, तुमच्या-माझ्यासारख्या पोर्शे न परवडणाऱ्या माणसाचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

आधी ओळख

सेडान म्हणजे तीन डब्यांची गाडी. पुढच्या डब्यात इंजिन, मधल्या डब्यात माणसं, मागच्या डब्यात सामान. लहानपणी ड्रॉइंगच्या वहीत आपण जी गाडी काढायचो ती सेडानच. अँबॅसिडर सेडान, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी सेडान (कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या टॅक्सीने २०२३ साली मुंबईचा निरोप घेतला), आणि होंडा सिटीही सेडानच. चार-पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा एका गावाहून दुसऱ्या गावी आरामात न्यायच्या, हे तिचं काम.

स्पोर्ट्स कारची व्याख्या मात्र कुठल्याही पुस्तकात धड सापडणार नाही. साधारण दोन सीट, बुटका बांधा, कमी वजन आणि चालवण्याचा आनंद हाच मुख्य उद्देश. यात खूप ताकद असलीच पाहिजे असं कुठेही नाही! माझदा एमएक्स-५ चं उदाहरण घ्या. १९८९ साली ही गाडी आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं इंजिन होतं, ताकद ११६ पीएस. आपल्याकडे २०२० साली आलेल्या होंडा सिटीचं पेट्रोल इंजिन १२१ पीएसचं आहे. म्हणजे बाबांच्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीत जास्त ताकद! तरीही एमएक्स-५ ही जगात सर्वाधिक खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. २०१६ साली तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कारण तिचं वजन होतं साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळजवळ अर्धा-अर्धा.

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता. १९९८ साली सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आणली. ती गोव्यात बनायची. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं १.२ लिटर, ताकद ६० घोड्यांच्या घरात. आज ऐकून हसू येईल, पण दोन सीट, हलकी बॉडी, लहान इंजिन हा विचार जगातल्या जुन्या स्पोर्ट्स कार्सच्या विचारापेक्षा वेगळा नव्हता. आपल्या बाजारात ती चालली नाही ही गोष्ट वेगळी.

पिकअपचं गणित

आपण "पिकअप" म्हणतो तो ठरतो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून. दर टनामागे किती घोडे? पहिल्या एमएक्स-५ ला टनामागे सुमारे १२० पीएस मिळतात. १९९६ ची लोटस एलिस घ्या. इंजिन फक्त ११८ बीएचपीचं, पण वजन ७२५ किलो! तिची अ‍ॅल्युमिनियमची चासी चिकटवून जोडलेली होती आणि तिचं वजन होतं फक्त ६८ किलो. म्हणजे माझ्या रूममेटएवढं. त्यामुळे टनामागे ताकद १६० च्या वर गेली. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा सगळा भर वजन कमी करण्यावरच असायचा. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन घटवलं तर सगळीकडे पळते, असा त्यांचा फंडा.

पण आपलं कोडं एवढ्याने सुटत नाही. शाओमीला टनामागे सुमारे ६५० पीएस मिळतात, पोर्शेला सुमारे ३५५. म्हणजे या गुणोत्तरातही शाओमीच पुढे. सरळ रस्त्यावर ती पोर्शेला आरशातसुद्धा दिसू देणार नाही. तरी फेरीत मागे पडली. याचा अर्थ पोर्शेने जे कमावलं ते वळणांवर आणि ब्रेकिंगमध्ये कमावलं. आणि इथेच आपलं बारावीचं फिजिक्स आडवं येतं.

बारावीचं पुस्तक आणि खरा टायर

वर्तुळाकार गतीचा धडा आठवतोय? सपाट रस्त्यावरच्या वळणावर गाडी जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकते, याचं सूत्र आपण घोकलं होतं: घर्षणांक, वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण आणि ०.८ घर्षणांक धरला तर उत्तर येतं ताशी सुमारे ७१ किमी. या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. दोन्ही बाजूंना ते होतं, म्हणून कॅन्सल झालं. म्हणजे पुस्तकाच्या मते त्या वळणावर ट्रक, सेडान आणि स्पोर्ट्स कार तिघंही ७१ च्याच वेगाने जाऊ शकतात! डेरिव्हेशन लिहिताना आपल्याला मार्कांशी मतलब, त्यामुळे कोणालाच शंका येत नाही.

गोम घर्षणांकात आहे. पुस्तकात तो स्थिर धरलेला असतो, पण रबराच्या टायरचा घर्षणांक स्थिर नसतो. टायरवरचा भार वाढवत गेलात तर पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजा, एका टायरवर ३०० किलो भार आहे आणि तो ३०० किलोइतकीच पकड देतोय. भार दुप्पट करून ६०० केला तर पकड ६०० होत नाही, समजा ५४० होते. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) इंजिनिअरिंगच्या भाषेत याला टायर लोड सेन्सिटिव्हिटी म्हणतात. म्हणजे जड गाडीचा प्रत्येक किलो आपला वाटा मागतो, पण त्या बदल्यात टायर पूर्ण किलोची पकड देत नाही. पुस्तकात कॅन्सल झालेलं वस्तुमान रस्त्यावर गुपचूप परत येतं!

आता याला जोडून दुसरी गोष्ट. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. वरच्याच उदाहरणात दोन टायरवर तीनशे-तीनशे किलो असताना एकूण पकड ६०० होती. सगळा भार एकाच टायरवर आला तर पकड उरली ५४०. गाडीचं वजन एक ग्रॅमही बदललं नाही, तरी पकड घटली. पाण्याचे दोन हंडे दोघांनी एक-एक उचलणं आणि एकानेच दोन्ही उचलणं, यात जो फरक पडतो तसंच काहीसं.

हा भार किती सरकणार, ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे त्यावर ठरतं. हिशोब सोपा आहे. वळणातलं त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि त्वरण ०.८ जी धरू. बुटक्या स्पोर्ट्स कारचा गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर असेल, तर एकूण वजनापैकी ७४ टक्के भार बाहेरच्या चाकांवर येतो आणि २६ टक्के आतल्या चाकांवर उरतो. ५५ सेंटिमीटरवाल्या सेडानमध्ये ही वाटणी ७९ आणि २१ होते. आणि ७० सेंटिमीटरवाल्या उंच एसयूव्हीमध्ये? ८७ आणि १३. आतली चाकं जवळजवळ नावापुरतीच रस्त्यावर!

स्पोर्ट्स कारमध्ये बसताना खाली मांडी घालून बसल्यासारखं वाटतं आणि उतरताना आजोबांना हात द्यावा लागतो, ते का, हे आता लक्षात आलं असेल. स्टाइलसाठी नाही, या सेंटिमीटरांसाठी.

शाओमीची बॅटरी तळाशी असते, त्यामुळे गुरुत्वमध्याच्या बाबतीत ती फार मार खात नाही. तिला महाग पडतं ते निव्वळ वजन. ब्रेकिंगचं उदाहरण घ्या. ताशी २०० किमी वेगात शाओमीची गतिज ऊर्जा सुमारे ३.६ मेगाज्यूल, पोर्शेची २.२ मेगाज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. शाओमीला पूर्ण थांबवताना निघालेल्या उष्णतेत साधारण १२ लिटर पाणी उकळीपर्यंत येईल, पोर्शेच्या उष्णतेत साडेसात लिटर. इलेक्ट्रिक गाडी यातली काही ऊर्जा बॅटरीत परत घेते हे खरं, पण टायर आणि ब्रेकला प्रत्येक वळणाआधी जास्तीचं काम करावंच लागतं.

टायरचं महत्त्व किती, याचा एक सॉलिड पुरावा आहे. पोर्शेची कॅरेरा जीटी ही गाडी २००४ साली नुर्बुर्गरिंगवर ७ मिनिटं २८.७१ सेकंदांत फिरली होती. वीस वर्षांनी, २०२४ साली, त्याच मॉडेलला आधुनिक टायर लावून पुन्हा ट्रॅकवर नेलं. वेळ आली ७ मिनिटं १२.६९ सेकंद! इंजिन तेच, चासी तीच. ड्रायव्हर बदलला होता, पण त्या सोळा सेकंदांत मोठा वाटा रबराचा.

फुगडीचा फंडा

वजन किती, हे झालं. वजन कुठे, हेही तितकंच महत्त्वाचं. फुगडी आठवा. दोघी हात लांब करून मागे रेललेल्या असतात तेव्हा फिरण्याचा वेग कमी असतो. हात आखडून जवळ आल्या की गिरकी एकदम वाढते. यालाच आपण मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतो. वजन मध्याजवळ असेल तर वस्तू पटकन फिरते आणि पटकन थांबतेही.

गाडीतली सर्वात जड वस्तू म्हणजे इंजिन. ते गाडीच्या मधोमध, सीटच्या मागे ठेवलं तर स्टिअरिंग फिरवताक्षणी गाडी वळते. फेरारी, लॅम्बोर्गिनीच्या बहुतेक दोन सीटच्या गाड्यांचं इंजिन म्हणूनच मध्यभागी असतं. पण सेडानच्या मध्यभागी कोण बसतं? आपले आई-बाबा! त्यामुळे बिचाऱ्या इंजिनला पुढच्या टोकाला जावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक सेडानमध्ये तर इंजिन आडवं बसवून पुढचीच चाकं फिरवतात, म्हणजे मागच्या सीटला पाय पसरायला जागा मिळते. जागेच्या दृष्टीने ही युक्ती एकदम भारी. पण वळणं आणि ओढणं ही दोन्ही कामं पुढच्या दोन टायरवर येऊन पडतात.

हुशार वाचक म्हणेल, पण पोर्शे ९११ चं इंजिन तर चक्क मागच्या चाकांच्याही मागे लटकतं! बरोबर. फुगडीच्या नियमाने हे चूकच आहे, आणि जुन्या ९११ वळणात अचानक शेपूट फेकायच्या म्हणून बदनामही होत्या. फायदा एवढाच की फिरणाऱ्या मागच्या चाकांवर भरपूर भार असतो, त्यामुळे गाडी जागेवरून सुटताना चाकं घसरत नाहीत. १९६३ साली ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हापासून तिथले इंजिनिअर सस्पेन्शन, टायर आणि मागचा पंख सुधारत सुधारत हा दोष झाकत आलेत. हट्टाने इंजिनिअरिंग करावं तर असं!

दिसतं तसं नसतं

एवढं वाचून वाटेल की सेडान म्हणजे नुसती तडजोड. पण थांबा! सेडानच्या पोटात स्पोर्ट्स कारचं काळीज बसवण्याचे प्रयत्नही खूप झालेत, आणि माझ्या मते गाड्यांच्या इतिहासातला सर्वात मजेशीर भाग तोच.

बीएमडब्ल्यूने १९७८ साली एम१ नावाची स्पोर्ट्स कार काढली. मध्यभागी ३.५ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २७७ पीएस. फार थोड्या बनल्या. मग १९८५ साली कंपनीने त्याच घराण्यातलं इंजिन २८६ पीएसपर्यंत नेऊन आपल्या साध्यासुध्या चार दारांच्या गाडीत बसवलं. ही पहिली एम५. बाहेरून बघाल तर एखाद्या बँक मॅनेजरची गाडी वाटावी.

त्यावर कडी केली लोटसने. १९९० साली त्यांनी व्हॉक्सहॉल कार्लटन या सेडानला ३.६ लिटरचं दोन टर्बोवालं, ३७७ बीएचपीचं इंजिन दिलं. वेग ताशी २८० किमीच्या पुढे. कुटुंबाच्या गाडीला एवढा वेग कशाला, म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ओरड केली, बंदीची मागणी झाली. पुढे १९९३ साली यातली एक गाडी चोरीला गेली आणि चोरांनी तिचा उपयोग दुकानं फोडायला केला. पोलिसांच्या गाड्या तिला गाठूच शकायच्या नाहीत!

आपल्या महाराष्ट्राचाही यात छोटा वाटा आहे. स्कोडाने २००१ साली औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला कारखाना सुरू केला आणि तिथून ऑक्टाव्हिया भारतभर गेली. २००४ साली तिचीच १.८ लिटर टर्बो इंजिनची, १५० पीएसची व्हीआरएस आवृत्ती आली. व्हीआरएस म्हटल्यावर आमच्या काकांना बँकेतली स्वेच्छानिवृत्ती आठवते, पण त्या काळच्या गाडीवेड्यांसाठी ही अक्षरं म्हणजे मंत्र होता. आणि डिकी? ५२८ लिटर, जशीच्या तशी. लग्नाचं सामान भरा आणि टर्बोचा आवाज ऐकत जा.

हवेच्या बाबतीत तर सेडान स्पोर्ट्स कारला मागे टाकते. हवेचा विरोध मोजणारा ड्रॅग कोएफिशंट जितका कमी तितकी गाडी हवेतून सहज सरकते. पहिल्या एमएक्स-५ चा होता ०.३८. मर्सिडीजची ईक्यूएस, जिची जुळणी २०२२ पासून आपल्या चाकणला झाली, तिचा आहे ०.२०! लांब, हळूहळू उतरत जाणारी मागची बाजू हवेला आवडते. स्पोर्ट्स कारला तेवढी लांबी नसते. शिवाय तिला इंजिन आणि ब्रेक गार ठेवायला हवा आत घ्यावी लागते, आणि गाडी रस्त्याला दाबून धरण्यासाठी पंख लावावा लागतो. जीटी३ चा मागचा मोठा पंख सरळ रस्त्यावर वेग खातो, पण वळणात टायरवर भार वाढवतो. आणि गंमत म्हणजे हा भार वजन न वाढवता मिळतो! थांबवायला किंवा वळवायला एक किलोही जास्तीचा नाही. वर म्हटलेल्या टायरच्या भानगडीवरचा हा सगळ्यात हुशार उपाय.

पाच मित्र आणि एक डिकी

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं जर्मनीत ठीक आहे, आपल्याला काय त्याचं?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी स्पोर्ट्स कार नाही. पण बाबांची किंवा दादाची सेडान (किंवा एसयूव्ही) आहे. सबमिशन संपलं की पाच जण त्यात बसून लोणावळा, अलिबाग, गोवा गाठतात. सव्वा अकराशे किलोची गाडी धरा. पाच जणांचे सरासरी ६५ किलो धरले तर सव्वातीनशे, वर बॅगांचे पन्नास. गाडीचं वजन एका झटक्यात ३३ टक्क्यांनी वाढलं! एकटा ड्रायव्हर असताना टनामागे शंभराच्या आसपास पीएस मिळत होते, ते आता ८० वर आले. म्हणजे काल एकट्याने सहज केलेला ओव्हरटेक आज तेवढ्याच अंतरात होणार नाही. समोरून येणाऱ्या ट्रकला मात्र आपण किती जण बसलोय ते माहीत नसतं.

वळणावर तर आणखी वाईट. बसलेल्या माणसांचं वजन गाडीच्या तळापेक्षा बरंच वर असतं, म्हणजे गुरुत्वमध्यही वर सरकतो. डिकीतल्या सामानाने मागची बाजू जड होते, म्हणजे फुगडीचे हात लांब झाले. काल हलकी आणि चपळ वाटलेली गाडी आज घाटातल्या वळणाला वेगळीच वागते. एकट्याने चालवून हात बसला म्हणजे भरलेल्या गाडीवरही बसलाच, असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आणि वेग? कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर शंभरच्या वेगातून थांबायला सुमारे ७७ मीटर लागतात. १४० च्या वेगातून सुमारे १३५ मीटर. पावसात घर्षणांक निम्म्यावर आला तर शंभरवरून थांबायलाच सव्वाशे मीटर लागतील. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर मोटारींना शंभरची मर्यादा आहे ती उगाच नाही, आणि घाटात तर तीही कमी होते.

यावर फुकटातला एक उपाय सांगतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरमधल्या हवेचे आकडे दिलेले असतात. बऱ्याच गाड्यांमध्ये भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा असतो. निघण्याआधी पेट्रोल पंपावर तेवढी हवा भरून घ्या. मागच्यांनाही सीटबेल्ट लावायला सांगा. जीटी३ चा पंख आपल्याला परवडणार नाही, पण ही हवा परवडते.

आजकाल आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारच्या असतात. सेडान एकेक करत कमी होतायत. मारुतीची सियाझसुद्धा २०२५ साली बंद झाली. खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता लोकांना दोष देता येत नाही. पण वरचा ८७-१३ चा हिशोब ज्याला कळला, तो उंच गाडी घाटात थोडी सबुरीने चालवेल, एवढं नक्की.

मग भारी कोण?

माझं उत्तर विचाराल तर स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याचं काम सोपं असतं! मागची सीट काढा, डिकी काढा, छप्पर खाली आणा, नको ते फेकून द्या. सेडान बनवणाऱ्याला यातलं काहीच फेकता येत नाही. आजीच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये, पाच बॅगा मावाव्यात, अ‍ॅव्हरेज मिळावं, खड्ड्यात आपटू नये आणि एवढं सगळं करून वळणावर गाडीने दगाही देऊ नये. ज्या सेडानला हे जमतं, तिच्या इंजिनिअरला मी जीटी३ वाल्याच्या शेजारी बसवेन.

आपल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्येही दरवर्षी हाच वाद होतो. नियमाप्रमाणे इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण हवा आत घेण्यासाठी फक्त २० मिलिमीटरचं भोक. म्हणजे ताकदीला वरून बूच बसवलेलंच आहे. मोठं इंजिन लावलं तरी त्या भोकातून हवा ठरावीकच जाणार, वजन मात्र वाढणार. बऱ्याच टीम म्हणून चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं लहान, एका सिलिंडरचं इंजिन घेतात आणि मग एकेक ब्रॅकेट वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम-ग्रॅम कमी करत बसतात. फर्स्ट इयरच्या ज्युनिअर्सना हे काम कंटाळवाणं वाटतं. त्यांनी हा लेख वाचावा आणि संध्याकाळी वर्कशॉपला यावं. काटा आणि फाईल दोन्ही तयार आहेत.

आणि कट्ट्यावर पुढच्या वेळी कोणी गाडीचे घोडे मोजायला लागला, तर त्याला थांबवून एवढंच विचारा: "वजन किती?"